कपडा जळेल

मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या नोकरीधंद्याबद्दल लिहितं. आजवर डॉक्टर झाले, बँकवाले झाले, दोन मुख्याध्यापक झाले. यंदा संपादकबाई आपल्या साड्या न्यायला आमच्याकडे आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “सुमनक्का, या वेळी तुम्ही लिहा.”

मी म्हटलं, “काय लिहू? कपडे आले, इस्त्री केली, घडी घातली, दिले. संपलं.”

“मग तेवढंच लिहा. उरलेल्या पानांत जाहिराती घालतो.”

जाहिरातींना जागा मिळू नये म्हणून लिहिते आहे. माझी मराठी म्हैसूरची आहे. घरात आम्ही एका वाक्यात मराठी सुरू करतो आणि कन्नडात संपवतो. इथे सांभाळून लिहिते, तरी एखादा शब्द निसटला तर वाचणाऱ्यांनी ॲडजस्ट करावं.

आमचं घर चामराजपुरमच्या आतल्या गल्लीत आहे. पुढची खोली म्हणजे दुकान. आम्ही पिढीजात शिंपी. देव्हाऱ्यात विठ्ठल, एकादशीला भजन आणि एरवी दिवसभर मशीनची खडखड. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे आणि आमचे हे, दोघं दोन मशीनवर बसायचे. शिंप्याच्या घरात इस्त्री हे शेवटचं काम असतं. कपडा शिवून झाला की शिवणी दाबायच्या, क्रीज पाडायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. ते शेवटचं काम सासऱ्यांनी मला शिकवलं. पुढे रेडिमेडची दुकानं झाली, पँट शिवून घेणारे कमी होत गेले. मग एकेक जण विचारायला लागला, “शिवायचं काही नाही हो, पण नुसती इस्त्री करून द्याल का?” अशी इस्त्री पुढच्या खोलीत आली आणि शिवणाचं मशीन कोपऱ्यात गेलं. आता हे त्या कोपऱ्यात बसून लोकांच्या शर्टांना बटणं लावतात. हो, लोक बटण लावायलाही येतात. एकदा एक तरुण मुलगा कारमधून उतरला, खिशातून बटण काढलं, यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, “अंकल, हे इंस्टॉल करून द्या.” हे अजून हसतात.

लोकांना वाटतं, गरम लोखंड कपड्यावरून फिरवलं की झाली इस्त्री. खरं तर फिरवायचं कमी आणि दाबायचं जास्त. निम्मं काम पाण्याचं आहे. सुती कपड्यावर पाणी शिंपडून त्याची घट्ट गुंडाळी करून ठेवायची, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. शर्टाची सुरुवात कॉलरपासून. कॉलरच्या टोकांकडून मध्याकडे यायचं. उलट गेलात की सुरकुत्या टोकाशी गोळा होऊन तिथे चोच तयार होते. मग खांदे, बाह्या आणि शेवटी अंग. रेशमावर पाणी शिंपडायचं नाही, डाग पडतो. वर पातळ सुती फडकं घालायचं आणि जरीचे काठ असतील तिथे साडी उलटी करायची. हे सगळं सांगायला सोपं आहे. हाताला कळायला मात्र दिवस जातात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कंप्युटरच्या नोकऱ्या घरात बसून सुरू झाल्या तेव्हा एक जण नुसत्या कॉलरी करून मागायचा. “बाकी शर्ट राहू दे, कॅमेऱ्यात इथवरच दिसतं,” असं म्हणून छातीवर हात आडवा धरून दाखवायचा. एका घरातून चादरी, टॉवेल, पायपुसणीसुद्धा इस्त्रीला यायची. पायपुसण्याला इस्त्री कशाला, असं विचारलं तर त्या बाई म्हणाल्या, “मेशीनमधून सगळं एकत्र निघतं, मी वेगळं करत बसत नाही.” आणि हल्ली नेसायला तयार साड्या. निऱ्या घालून, पदराच्या चुण्या दाबून, पिना लावून द्यायच्या. नेसणारीनं नुसती कमरेला गुंडाळायची. माझ्या वयाच्या बायका यावर नाक मुरडतात. मला राग येत नाही. सकाळी मुलाचा डबा, नवऱ्याचा डबा, स्वतःचा डबा करून जी बस पकडते, तिला निऱ्यांशी झटायला वेळ कुठला? आमच्या पिढीनं ही कामं प्रेमानं केली असं आता म्हणतात. दुसरं कुणी करणारं नव्हतं म्हणून केली, हे त्यातलं खरं.

शिवाय आता निम्म्या घरांनी इस्त्रीच सोडली आहे. घरीही करत नाहीत आणि आमच्याकडेही देत नाहीत. झटकून वाळवायचे, तसेच घालायचे. कापडच तसं आलं आहे. माझा मुलगा बेंगळूरला असतो. त्याच्या घरात इस्त्रीपेट्टी आहे का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

पण मला लिहायचं आहे ते इंदिराबाईंबद्दल. त्यांना विचारून लिहिते आहे. नावं बदल, बाकी सगळं खरं लिही, असं त्यांनी सांगितलं आहे.

इंदिराबाई पहिल्यांदा आल्या त्या एक उशीचा अभ्रा घेऊन. सत्तरीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, नऊवारीतून सहावारीत आलेल्या बायका कशा पदर खांद्यावर घट्ट घेतात तसा घेतलेला. मराठी बोलल्या म्हणून मी स्टूल पुढे केलं. त्यांचे यजमान बन्नूरच्या शाळेत हेडमास्तर होते. ते गेल्यावर मुलगा आईला म्हैसूरला घेऊन आला. मुलगा श्रीधर आणि सून पवित्रा, दोघं नोकरीवाले. आमच्या गल्लीच्या टोकाला जी नवी इमारत झाली आहे तिथे त्यांचा फ्लॅट.

“एवढा अभ्रा करून दे गं,” त्या म्हणाल्या.

मी करून दिला. दोन दिवसांनी दुसरा अभ्रा आला. मग नातीचा फ्रॉक, मग एक टेबलक्लॉथ. प्रत्येक वेळी एकच नग. देऊन जायच्या नाहीत, होईपर्यंत बसायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या माझ्या हाताकडे बघायच्या. हे माझ्याजवळ येऊन कुजबुजले, “परीक्षा घेतायत काय तुझी?”

एकदा मीच विचारलं, “घरी इस्त्रीपेट्टी बिघडलीय का?”

“नाहीच आहे. सूनबाईला आवडत नाही. घरात भांडी घासायचं मेशीन आहे, फरशी पुसत आपापलं फिरणारं मेशीन आहे. पण इस्त्री नाही. मला म्हणते, अत्ते, तुम्ही जन्मभर केलंत, आता साकु. सुम्ने बसा.” अत्ते म्हणजे सासूबाई, साकु म्हणजे पुरे आणि सुम्ने म्हणजे काही न करता, उगीच. मग त्या म्हणाल्या, “चांगली मुलगी आहे हो. मनापासून म्हणते.”

थोड्या दिवसांनी त्या नेहमीसारख्या आल्या, पिशवीतून अभ्रा काढला आणि मला न देता हातातच धरून उभ्या राहिल्या. “सुमन, हा मी करू का? तुझी हरकत नसेल तर.”

मी बाजूला झाले. आधी त्यांनी इस्त्रीच्या पोटाजवळ हाताचा पंजा नेऊन ऊब पाहिली, मग अभ्रा पसरला आणि एका हातानं कापड ताणत दुसऱ्या हातानं इस्त्री ठेवत गेल्या. बन्नूरला रोज हेडमास्तरांचा पांढरा शर्ट आणि पंचा त्यांनी खळ देऊन, कोळशाच्या इस्त्रीनं केलेला. हात सांगत होता. अभ्रा झाला. माझ्या ढिगातला एक सुती कुडता त्यांनी न विचारता ओढून घेतला. मी ढिगातला दुसरा उचलला.

तेव्हापासून त्या दुपारची जेवणं झाली की यायच्या. मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत. आमच्याकडे दोन टेबलं होतीच. एका टेबलावर मी, एकावर त्या. काम करताना त्या अवाक्षर बोलायच्या नाहीत. मी पहिल्यांदा दोन-तीनदा गप्पा मारायला गेले, पण उत्तर आलं नाही तेव्हा मीही गप्प झाले. मला वाटलं, कामात जीव ओतणारी बाई आहे. काम आटोपलं की मात्र आमच्याकडची कॉफी प्यायच्या आणि अगदी माहेरी आल्यासारख्या बोलायच्या. मोबदला देऊ केला तर एवढ्या रागावल्या की तो विषय मी पुन्हा काढला नाही. घरी सांगितलंय का, असं विचारलं तर म्हणाल्या, “फिरायला जाते म्हणून सांगितलंय. चालत येते ना मी? मग फिरणंच झालं.”

मला हे जरा खटकत होतं. पण खरं सांगायचं तर त्या आल्या की मलाही बरं वाटायचं. या धंद्यात माणसं दारातून बोलतात आणि दारातून जातात. शेजारी उभं राहून तेच काम करणारं कुणी मला सासरे गेल्यापासून मिळालं नव्हतं.

मग तो दिवस आला. एका लग्नघरच्या नेसायला तयार साड्या संध्याकाळी द्यायच्या होत्या. सकाळपासून करंट नव्हता. कुठेतरी लाइनचं काम चाललं होतं आणि फोन केला की नुसतं “येईल, येईल” म्हणत होते. दुपार झाली तशी मी घाबरले. शेवटी यांनी सासऱ्यांची कोळशाची इस्त्री माळ्यावरून काढली. वर्षानुवर्षं ती वापरलेली नव्हती. धूर होतो म्हणून आम्ही एक टेबल बाहेर ओसरीवर नेलं. हे करवंट्यांचा कोळसा पेटवून पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. एवढ्यात इंदिराबाई आल्या आणि ती इस्त्री बघून त्यांचा चेहरा असा काही फुलला की काय सांगू.

“केळीचं पान आहे का गं?” त्यांनी पहिलं तेच विचारलं. कोळशाची इस्त्री आधी केळीच्या ओल्या पानावरून फिरवायची. पोट गुळगुळीत होतं, राख चिकटत नाही. मागच्या परसातून मी पान कापून आणलं. मग मी आत निऱ्या घालत होते, पिना लावत होते आणि त्या ओसरीवर उभ्या राहून फडक्यावरून एकेक पदर दाबत होत्या. कपाळावर घाम, कानामागे केस चिकटलेले, आणि बाई खूश.

ओसरी रस्त्यावरून दिसते, हे दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही. त्यांच्या इमारतीतली एक बाई भाजी घेऊन चालली होती. तिनं थांबून नमस्कार केला, हसली आणि मोबाइलवर फोटो काढला. इंदिराबाईंनीही हसून दाखवलं. तो फोटो इमारतीच्या ग्रुपवर गेला. ‘या वयातही कष्ट करणारी माउली’ असं काहीतरी खाली लिहिलेलं, हात जोडलेले, फुलं वाहिलेली. त्याच्याखाली कुणीतरी विचारलं, या श्रीधरच्या आई ना? आणि त्याच्याखाली आणखी कुणीतरी, घरी काही अडचण आहे का?

हे सगळं आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की रिक्षा थांबली आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत असलेली एक मुलगी खाली उतरली. पवित्रा. तिला मी लांबून पाहिलेलं होतं.

“अत्ते, चला घरी.” ती कन्नडात बोलत होती. मी मराठीत लिहिते आहे.

“एवढा पदर होऊ दे,” इंदिराबाई म्हणाल्या.

पवित्रा पायरी चढून आली आणि तिनं त्यांच्या हातातून इस्त्री काढून घेतली. मी ओरडणार होते, कारण निखाऱ्यांनी भरलेली ती इस्त्री जड असते आणि मूठसुद्धा तापते. पण तिनं पदराचं टोक मुठीभोवती घ्यावं तशी ओढणी आपोआप हाताला गुंडाळली, मनगट न वाकवता इस्त्री उचलली, विटेवर टेकवली आणि झाकणाची कडी अंगठ्यानं बंद केली. हे कुणी शिकवून एका दिवसात येत नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले.

“घरात काय कमी आहे तुम्हाला?” तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “लोक मला विचारतायत, सासूला इस्त्रीच्या दुकानात कामाला लावलं का म्हणून. मी काय सांगू?”

मी मध्ये पडले. “पवित्रा, त्या कामाला नाहीत गं. आपखुशीनं येतात.”

“अक्का, तुम्ही तरी त्यांना करू द्यायला नको होतं. तुम्हाला माहीत नाही हे काम काय करतं?” आणि ती एकदम ओसरीच्या पायरीवरच बसली. “माझी आई हेच करायची. मेटगळ्ळीला कारखान्यांच्या रस्त्यावर गाडा होता. कामगारांचे खाकी कपडे. जाडजूड. शाळेतून आले की मी पाणी शिंपडून गुंडाळ्या करायचे, आईचा हात दुखला की इस्त्री धरायचे. त्यावर मी इंजिनियर झाले. शेवटी शेवटी तिची उजवी मूठ मिटायची नाही. भात कालवता यायचा नाही. मी भरवायचे.”

यांचा पुठ्ठा हातातच थांबला होता.

“तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात इस्त्री येणार नाही. मी चुरगळलेलं घालीन. माझी मुलगी चुरगळलेलं घालेल. पण घरातली कुठली बाई त्या टेबलासमोर उभी राहणार नाही. आणि तुम्ही, अत्ते, फिरायला जाते म्हणून सांगून…”

माझा उजवा हात मी कधी पदराआड घेतला ते मला कळलंही नाही.

इंदिराबाई हळूहळू पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. “तुझी आई लॉन्ड्री चालवायची, एवढंच मला माहीत होतं. हाताचं तू कधी बोलली नाहीस.”

“काय बोलणार?”

“मग माझंही ऐक. मीही कधी बोलले नाही.” त्यांनी कपाळावरचा घाम पदरानं पुसला. “तुझं लग्न व्हायच्या आधीच बन्नूरचं घर सुटलं, तू ते पाहिलेलं नाहीस. एक लांब पडवी, दोन खोल्या, आणि एकाही खोलीला धड दार नाही. सासू, दीर, मुलं, हेडमास्तरांकडे येणारे पालक, शिकवणीची पोरं. सकाळी डोळा उघडल्यापासून हाका. अगं पाणी दे, अगं कोण आलंय बघ, अगं माझा चष्मा कुठाय. दळत असले तरी हाक, जेवत असले तरी हाक. देवपूजा करत असले तरी. वाईट नव्हती गं कुणी. पण बोलावलं की उठायचं. इस्त्री करत असले तर मात्र नाही. कुणी हाक मारली की मी आतून ओरडायचे, कपडा जळेल! मग कुणी पुन्हा बोलवायचं नाही. हेडमास्तरांचा शर्ट होता ना तो. त्या कामात तेवढं म्हणता यायचं. दुसऱ्या कुठल्याच कामात नाही.”

पवित्रा त्यांच्याकडे बघत होती.

“दळण सुटलं, मला आनंद झाला. पाणी भरणं सुटलं, आनंद झाला. तुझ्या त्या भांड्यांच्या मेशीनला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करते. खोटं नाही सांगत. फक्त ही इस्त्री गेली तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं झालं.”

“पण आता तुम्हाला कोण हाका मारतं, अत्ते? आम्ही तर काहीच काम सांगत नाही.”

“काम नाही सांगत. पण आजी, गोळी घेतली का? अम्मा, टीव्ही लावून देऊ का? अत्ते, पाय दुखतात का? ऑफिसातूनसुद्धा फोन करतेस, जेवलात का म्हणून. कामं सगळी मेशीनं करतात आणि माणसं सगळी माझी चौकशी करतात.” बोलता बोलता त्यांना हसू आलं. “मायेनंच गं. मायेच्या हाकेला तर नाहीच म्हणता येत.”

पवित्रा हसली नाही. उठली, सासूचा हात धरून त्यांना उठवलं आणि रिक्षा केव्हाच निघून गेली होती म्हणून दोघी चालतच गल्लीच्या टोकाकडे गेल्या. अर्धा राहिलेला पदर मी पूर्ण केला. साड्या वेळेवर पोचल्या. लग्नघरच्यांनी कौतुक केलं, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून इंदिराबाई आल्या नाहीत. दुसरं टेबल रिकामं. चौकशी करायला जावं तर कुठल्या तोंडानं जायचं, असं वाटायचं. हे म्हणाले, “आपलं काय चुकलं? आपण काय बांधून ठेवलं होतं?” चुकलं नव्हतं. पण इतके दिवस बाई शेजारी उभी राहून गप्प का असते, ते मी ओळखलं नाही, हे मला लागलं होतं. मी त्याला कामातली लगन समजत होते.

बऱ्याच दिवसांनी पवित्रा एकटीच आली. सुट्टीचा दिवस असावा. हातात कपडे नव्हते. यांनी पुढे केलेल्या स्टुलावर बसली आणि सरळ विचारलं, “अक्का, अत्ते इथे असताना काय बोलायच्या?”

“कॉफी पिताना खूप बोलायच्या. काम करताना काहीच नाही.”

“काहीच नाही?”

“एक शब्द नाही.”

ती मान हलवत राहिली. मग माझा हात मागितला. मी दिला. तिनं तळवा उलटा करून पाहिला, अंगठ्याखाली दाबून पाहिलं, बोटं एकेक करून मिटवून पाहिली. डॉक्टर पाहतो तशी. “झोपताना कोमट तेल लावून मूठ उघडमीट करा. आईला कुणी सांगितलं नव्हतं,” एवढं म्हणाली आणि उठून गेली. मी अजून रोज करते.

दसऱ्यात तिचं बोलावणं आलं. आमच्याकडे म्हैसूरला नवरात्रात घरोघर पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, गोंबे म्हणतात त्यांना. बायका एकमेकींकडे बघायला जातात, कुंकू लावून घेतात, उसळ खातात. मी चांगली साडी नेसून गेले. फ्लॅट पाचव्या मजल्यावर. पवित्रानं कुंकू लावलं, नातीनं गोंबे दाखवल्या. श्रीधर मला बघून जरा अवघडला, पण “या, या” म्हणाला. हॉलच्या एका कोपऱ्यात दोन ऑफिसची टेबलं, दोन कंप्युटर दाटीवाटीनं बसवलेले. येणाऱ्या बायकांना त्यांच्यामधून वाट काढावी लागत होती.

“हे इथे कसं?” मी विचारलं.

“आत होतं. बाहेर आणलं,” पवित्रा म्हणाली. “अत्ते खोलीत आहेत. तुम्हीच जा. पण दार वाजवून जा हं, अक्का. आमच्या घरात आता तसा नियम आहे.”

मी दार वाजवलं. थोड्या वेळानं कडी निघाली. लहानशी खोली. एक कॉट, एक खिडकी, भिंतीशी एक खुर्ची. आधी इंदिराबाई नातीच्या खोलीत झोपायच्या. ही खोली नवरा-बायकोच्या ऑफिसची होती. आता त्यांची झाली होती. त्यांनी मला आत घेतलं आणि कडी पुन्हा लावली.

“ये, बैस. पाहिलीस का माझी खोली?”

छान आहे म्हटलं. खिडकीतून चामुंडीचा डोंगर दिसत होता. खिडकीखाली चांगली ऐसपैस जागा रिकामी होती. मी धंदेवाईक बाई, माझी नजर तिथेच गेली. “इंदिराबाई, इथे एक टेबल मावेल बघा. माझ्याकडचं दुसरं पडूनच आहे, पाठवून देते. पवित्रा आता नाही म्हणणार नाही. घरचे दोन कपडे करत जा.”

“तिनं विचारलं मला. इस्त्री आणू का म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द निघाला हेच पुष्कळ झालं.”

“मग?”

“नको म्हटलं.”

“का हो? एवढा चांगला हात तुमचा.”

इंदिराबाई कॉटवर पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसल्या. “दुपारी जेवून मी इथे येते. कडी लावते. पडून राहते. कधी डोंगराकडे बघते, कधी तेही नाही. पहिले चार दिवस पवित्रा दाराशी येऊन उभी राहायची, मला पावलं कळायची. पण वाजवलं नाही तिनं. आता येतही नाही.” त्या स्वतःशीच हसल्या, जरा लाजल्यासारख्या. “सुमन, इतकी वर्षं मला वाटायचं, मला इस्त्री करायला आवडतं.”

बाहेरून पवित्रानं दोघींना कॉफीला हाक मारली.

“थोड्या वेळानं,” इंदिराबाई आतूनच म्हणाल्या. आणि आम्ही दोघी काही न बोलता तशाच बसून राहिलो.